एकोणीस रियालचा ढेकूण

बजेट एकोणीस रियाल, चारशे बैसा.
त्यातले सहा गेले थर्माकोलला,
दोन व्हिम्टोला, कारण रक्त गोड असलं
की मरणारा तोंड वाकडं करत नाही,
असं आमच्या कलादिग्दर्शकाचं मत.
कलादिग्दर्शक म्हणजे इक्बाल परकार, एसी डक्टिंगवाला.
पत्रा वाकवण्यात मस्कतात त्याचा हात धरणारा नाही.

त्यानं सहा पाय केले डक्टच्या उरलेल्या पत्र्याचे,
पोट एका रेक्झिनच्या सोफ्याचं.
(सोफा हमरियात कचरापेटीजवळ सापडला.
त्यात खरे ढेकूण होते
हे दुसऱ्या शेड्यूलला कळलं.)

कथा अशी: रूवीतल्या एका खोलीत, सहा माणसांत,
एक ढेकूण ओव्हरटाइमचं रक्त पिऊन पिऊन
म्हशीएवढा होतो.
आधी फोरमनला खातो. मग पगार कापणाऱ्या कारकुनाला.
मग, खोलीच्या एकमतानं,
फोरमनला पुन्हा एकदा.

धुक्यासाठी लोबान. सलालाचा, खालच्या प्रतीचा,
शाजीनं दुकानातून उधारीवर आणलेला.
एवढा धूर झाला की शेजारचे मुलतानी शिंपी
दार वाजवून विचारायला लागले,
कुणाच्या अंगात आलंय का?
इक्बाल म्हणाला, येतंय, जरा थांबा, लाइट लावतोय.
त्यांनाही घेतलं. दोघं मिळून गर्दी झाले.

हिरो आमच्यात नाही. मरणारे आहेत.
त्यात सगळ्यात देखणे मरतात ते खोतकाका,
देवरूखकडचे, गावच्या नमनात सोंगं घ्यायचे,
आता सव्वीस वर्षं इथल्या गोदामात पेट्या मोजतात.
ढेकणाचा पाय लागताच त्यांनी
आधी मनगटावरचं घड्याळ काढून उशाखाली सरकवलं,
मग किंचाळले.
मरताना घड्याळ कोण काढतं काका?
"हप्त्यावरचं आहे रे."
तो शॉट तसाच ठेवला.

दहा मिनिटं अठरा सेकंदांचा सिनेमा.
ढेकणाचा एक पाय मध्येच गळतो
आणि पुढच्या सीनला उलटा उगवतो.
दोरी दिसते. दोरी ओढणारा मी दिसतो.
माझ्या बनियनचं भोकही.
भीती कुणालाच वाटली नाही.
शुक्रवारी दुपारी, मटणाच्या वासात,
चार वेळा पाहिला, आणि खोतकाका
दर वेळी आपल्या मरणाच्या जरा आधी म्हणायचे,
आता बघा. आता.

मग त्यांनी तो घरी पाठवला.

रात्री फोन. स्पीकर लावायची त्यांची सवय.
काकू हसत होत्या, ठसका लागेपर्यंत.
मग जरा थांबून:
"ढेकूण झ्याक झालाय हो.
पण ते मागे, एकावर एक, काय आहे?
फळ्या? सामान ठेवायच्या?
एकीवर कुणीतरी निजलेलं दिसतंय."

काकांनी स्पीकर बंद केला.

सव्वीस वर्षं त्यांना स्वतंत्र खोली होती.
खिडकी होती, खिडकीतून उघडे तपकिरी डोंगर,
टेबल होतं, टेबलावर दिवा.
आम्हाला हे कधी कळलं नव्हतं,
त्या रात्री एकदम कळलं
आणि सगळेच कामाला लागलो.
कुणी घासलेलीच भांडी घासली.
मी चार्जर शोधला, जो माझ्या हातात होता.

जिन्यातून त्यांचा आवाज:
"अगं, सेट आहे तो. सिनेमाचा.
हो, इक्बालनं बांधला.
हो ना, खर्च खूप आला."

इक्बालनं वरच्या खाटेचा खांब हलवून पाहिला.
"मजबूत बांधलाय," म्हणाला,
कुणालाच उद्देशून नाही.

ढेकूण अजून फ्रिजवर आहे, पाच पायांवर.
सहावा दारामागे ठोकलाय,
टॉवेल टांगायला.