रुंद पांढरी वर

पेठेतल्या पोरांनी मोबाईल पुढं केला.
"मावशी, इंग्लंड शिवायचाय. बारा फुटी.
ब्राझीलवाल्यांच्या वर लागला पाहिजे."
चित्र बघितलं नि म्हटलं, हा इंग्लंड नव्हे.
हा सामायिक सातबारा आहे,
एकट्याच्या नावावर मागता येत नाही.

मशीनच्या खणात आजोबांचा खाकी कागद आहे.
दत्तोबा पोरे, शुक्रवार पेठ.
रेसिडेन्सीचे झेंडे शिवायचे, नगावर पैसे.
मोडीत आकडे, कडेला तेलाचा डाग,
आणि कोपऱ्यात दोनदा गिरवलेलं:
रुंद पांढरी खांबाकडं, वर.

मी कात्रीच्या टोकानं दाखवत गेले.
मधला लाल क्रूस, तो इंग्लंडचा.
मागं निळ्यावर पांढरी फुली, ती स्कॉटलंडची.
त्या फुलीवर लाल फुली, आयर्लंडची.
ती मधोमध नाही बसवायची, जरा सरकवायची,
म्हणजे जुन्या फुलीला वाटू नये
की कुणी आपल्या उरावर बसलं.
(आयर्लंड बरंचसं निघून गेलं.
शिवण कुणी उसवली नाही.)
आणि लाल निळ्याला कुठंच लागत नाही, बघा.
मधी पांढरी किनार.
आजोबा म्हणायचे, हे विलायती सोवळं:
एकत्र शिवायचं,
पण एकमेकांना शिवू द्यायचं नाही.

"मग वेल्स?" इर्शादनं विचारलं.
अख्ख्या पेठेत तो एकटा वेल्सचा,
का, ते त्यालाही सांगता येत नाही.
वेल्स यात नाहीच रे.
वाटणी झाली तेव्हा तो इंग्लंडच्या चुलीवरच जेवत होता,
वेगळा हिस्सा कोण काढणार?
त्याचा झेंडा निराळा. वर पांढरं, खाली हिरवं,
त्यावर पंजा उगारलेला लाल ड्रॅगन.

आता गंमत.
लाल क्रूसवाला संत म्हणे घोड्यावरून आला
आणि भाल्यानं ड्रॅगन मारला.
तो हाच ड्रॅगन का, मला ठाऊक नाही.
पण मारणारा झेंड्याच्या मधोमध,
नि ड्रॅगन झेंड्याबाहेर.
आमच्या अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं,
तर मरताना त्यानं मागणं मागितलं,
आणि आईनं गावाला त्याचंच नाव राहू दिलं.
एसटीच्या पाटीवर, गुळाच्या ढेपेवर, चपलेवर
असुर रोज लिहिला जातो.
कुणाचं काही बिघडत नाही.

हे मी बोलले नाही. पोरांना घाई होती.

इंग्लंड तासाभरात झाला. उभी पट्टी, आडवी पट्टी.
ड्रॅगनला चार रात्री लागल्या.
पाठीवरचे काटे कुणाच्या तरी लग्नातल्या
उरलेल्या लाल साटीनचे,
जीभ तीनदा उसवली.
इर्शाद रोज दारात येऊन उभा राहायचा,
शेपटी झाली का बघायला.
पैसे त्यानं सुट्ट्यात दिले.

"मावशी, वरची बाजू कंची?" इंग्लंडवाल्यांनी विचारलं.
ह्याला वर नाही नि खाली नाही, म्हटलं.
कसाही बांधा, क्रूस तसाच दिसतो.
उलटा व्हायची सोय फक्त त्या सामायिक झेंड्याला.
तो उलटा फडकला तर समजायचं
मालक संकटात आहेत, मदत पाठवा.

एके साली आजोबांनी वरची गुंडी खाली शिवली.
रुंद पांढरी गेली तळाला.
सकाळी सलामी झाली, बिगुल वाजला,
आणि दुपारपर्यंत रेसिडेन्सी
आभाळाकडं मदत मागत होती.
कुणाच्या ध्यानात आलं नाही.
संध्याकाळी एका कारकुनानं ओळखलं,
महिन्याची मजुरी कापली.
हात चुकला, आजोबा सांगायचे.
डोळे पार अधू झाल्यावरही हेच सांगायचे,
आणि सांगताना हसायचे.

कागदावर ती ओळ दोनदा गिरवलेली आहे.
दुसऱ्यांदा कधी, चुकण्याआधी की नंतर,
शाईवरून कळत नाही.