प्रत क्रमांक एकोणीस

न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, रस्ता संपतो
आणि पुढं नुसतं धुकं, तिथं आमची शाळा.
दहावीला एक जुनी इंग्रजी कादंबरी लावलेली आहे,
मी इथं यायच्या आधीपासून.
चारशे सहा पानं. त्यातली साठ एका मृत्युपत्रावर.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच,
'मिस, ही बाई कामाला का जात नाही?'
दरवर्षी मी फळ्याकडे वळते
आणि लिहिते : तत्कालीन समाजव्यवस्था.

यंदा मंडळाचं पत्र आलं.
अभिजात म्हणून जे जे शिकवता त्याची कारणं कळवा,
नाहीतर प्रती मोजून परत पाठवा.
मी मोजायला घेतल्या.
खरं सांगायचं तर कारण सुचत नव्हतं.
बावीस वर्षं एकाच खिडकीतून पाहिलं
की बाहेरचं दिसेनासं होतं,
काचेवरचे डाग तेवढे पाठ होतात.

एकोणिसावी प्रत गारफील्ड टिझर्डकडे.
मुलगा बोट ठेवून वाचतो, ओठ हलवत.
कव्हरच्या आत चिकटवलेल्या कागदावर
आधीच्या मुलांची नावं, शाई विटलेली.
चौथं नाव : अ‍ॅम्ब्रोज टिझर्ड, १९९२.
त्याचा बाप.
कॉड धरायला सरकारनं बंदी घातली, ते वर्ष.
पेन्सिलीच्या खुणा पान एकशे बारापर्यंत,
तिथं कोपरा दुमडलेला.
पुढं कुणाचीच खूण नाही. नंतरच्या सहा नावांचीही.

बाप आता अल्बर्टात, तेलाच्या खाणीवर,
वीस दिवस काम, आठ दिवस घर.
सोमवारी मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला :
'मिस, बाबा फोनवर विचारत होते,
त्या घोड्याचं पुढं काय झालं?'

कुठला घोडा?

पान एकशे बारा. नायक खानावळीत शिरतो.
बाहेर पाऊस, खुंटाला बांधलेला त्याचा लंगडा घोडा.
आत नायक वारसाहक्कावर सात पानं बोलतो
आणि मागच्या दारानं निघून जातो, भाड्याच्या बग्गीतून.

त्या रात्री मी उरलेली दोनशे चौऱ्याण्णव पानं
ओळ न् ओळ पाहिली. चहा दोनदा गार झाला.
एक लग्न आहे, दोन अंत्यविधी,
एका बशीवरच्या नक्षीचं अर्धं पान वर्णन.
घोडा नाही.

पाऊस कशाचं प्रतीक, खानावळ कशाचं,
सगळं शिकवलं मी, चार-चार गुणांना,
आणि एक जनावर बावीस वर्षं भिजत ठेवलं.

गारफील्डला सांगितलं. त्यानं बापाला सांगितलं.
'काय म्हणाले?'
'म्हणाले, वाटलंच होतं.'
मग दप्तराचा पट्टा ओढत,
'आमची होडी पण तशीच राहिलीय, मिस. धक्क्याला.'
एवढं बोलून तो गणिताच्या तासाला गेला.

मंडळाचा फॉर्म अजून टेबलावर आहे,
'कारण' हा रकाना रिकामा. शुक्रवार शेवटचा दिवस.
सहामाहीच्या पेपरात मात्र मी तळाशी एक प्रश्न घातला :
घोड्याचं काय करावं? गुण नाहीत.

बहुतेकांनी सोडून दिला.
दोघींनी त्याला पंख लावले.
गारफील्डनं, ज्याची स्पेलिंगं मी मोजायची सोडलीत,
लिहिलंय :

'आधी त्याला सोडवायला जावं लागेल.
पण दोर भिजला की गाठ फुगते,
ती नखांनी सुटत नाही.
जाताना सुरी न्यावी.'