बांधकामाचे वर्ष

राजधानीहून निघालो तेव्हा पिशवीत
चाळीस छापील अर्ज, खात्याचा शिक्का,
शाईची डबी आणि मापाची फीत.
बानी नदी तराफ्यावरून ओलांडताना
पलीकडे गाव दिसलं,
नदीच्याच रंगाचं.
भिंतीभिंतींतून बाहेर आलेली ताडाची दांडकी,
जणू घरांना कुणी पायऱ्या लावून ठेवल्यात.
(पायऱ्याच होत्या त्या. नंतर कळलं.)

पहिलं घर हावोयेचं, सुकी मासळी विकते ती.
रकाना एक : मालकाचे नाव. लिहिलं.
रकाना दोन : खोल्या. मोजल्या, पाच,
एकीत बकरी होती, तिचीही धरली.
रकाना तीन : बांधकामाचे वर्ष.

हावोये हसली.
म्हणाली, ते गवंड्याला विचार.

बामोय दांडक्यांवर उभा होता, जमिनीपासून दोन माणसं उंच,
कोपरापर्यंत चिखल.
"कोणत्या भिंतीचं?" वरूनच म्हणाला.
"नदीकडची मागच्या पावसात बसली, ती माझी.
जिना बापाचा, पण पायऱ्या माझ्या.
चौकट बापाच्या मामाची होती,
वाळवीनं खाल्ली, मी नवी बसवली,
माप तेच ठेवलं.
आणि हा गिलावा..."
त्यानं अंगठा रुतवून दाखवला,
"परवाचा. ओला आहे अजून."

मी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

हावोये तोवर भरून आली होती.
"लेक माझा लिब्रेव्हिलला. पैसे पाठवले त्यानं,
सिमेंट घे म्हणाला, मोरीला फरशी घाल.
तर तुमच्या खात्याची नोटीस :
रूप बदलू नये.
आमची गल्ली तुम्ही पोस्टाच्या तिकिटावर छापलीत,
देशाची ओळख म्हणालात.
ओळखीला मोरी लागत नसेल, साहेब.
मला लागते."

यासाठी अर्जात रकाना नव्हता.

बामोय उतरला. पलीकडच्या घराकडे बोट केलं,
सिमेंटचा अंगरखा घातलेलं, करडं, गुळगुळीत.
"आत माती घामेजली आहे.
घाम बाहेर पडायला वाट नाही तिला.
एक दिवस सगळं अंगावर घेऊन बसेल."
मग हावोयेकडे वळून, हळूच,
"मोरीत मात्र घाल फरशी. मी काही बघितलं नाही."
मीही नाही बघितलं.

खड्ड्यात भाताचा कोंडा आणि नदीची माती
तीन आठवडे आंबत पडली होती.
पोरं आत उतरून नाचत होती, गुडघ्यापर्यंत,
एकीची चप्पल आत गेली ती गेलीच,
पुढच्या वर्षी कुणाच्या तरी भिंतीत सापडेल.
त्या आंबलेल्या मातीला इथे एक शब्द आहे.
माझ्या आजोबांच्याच भाषेतला.
मला तो तीनदा विचारावा लागला,
तिसऱ्यांदा एका सात वर्षांच्या मुलीनं
तोंड मोठं उघडून, अक्षर अक्षर सुटं करून सांगितला,
बहिऱ्याला सांगावं तसा.

तिसऱ्या मजल्यावर वाढलो मी. काँक्रीटचा मजला.
भिंतीला हात लावला की आई ओरडायची, डाग पडतील.

बामोयनं एक गोळा माझ्या हातात दिला.
थंड. वजनदार. गोठ्यासारखा वास.
"फेकू नकोस. लाव. खालून वर."
मी लावला. तो निसटला.
पुन्हा लावला. त्यावर त्यानं तळवा फिरवला
आणि माझी बोटं पुसून टाकली,
म्हणजे भिंतीवरची.

संध्याकाळी तिसऱ्या रकान्यात लिहिलं :
यंदा.
शिक्का मारला, तो फरफटला,
कागदाच्या कडेला मातीचा अर्धा अंगठा.

पंधरा दिवसांनी अर्ज परत आला.
वरिष्ठांचा शेरा, लाल शाईत :
"दुरुस्ती आवश्यक."

नखांत अजून थोडी होती.
मी खिडकीतून पाहिलं, आभाळ भरून येत होतं.
तिकडे बामोयनं
शिडी नसलेल्या भिंतीवर पाय ठेवला असेल.