मोठा बी, छोटा बी

शुक्रवार. खाली म्हापशाचा बाजार
चोरिसांच्या माळांसकट रस्त्यावर आलेला,
आणि वर, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत,
आमचा बिल्ड तिसऱ्यांदा पडला.

फाइल सापडत नाही, सर्व्हर म्हणाला.
फाइल तर समोर होती.
माझ्या मशीनवर होती, इनासियोच्या होती,
बांगडा नावाची,
मालिमच्या धक्क्यावरच्या लिलावाचे दर मांडणारी.

इनासियोने चष्मा कपाळावर चढवला.
'बी बघ. तू हाक मारतेस छोट्या बीने,
ती बसलीय मोठा बी लावून.'

एवढंच.
विंडोज काही बोलला नव्हता, मॅकही नाही.
दोघं भिडस्त, हाक कशीही मारा, ओ देतात.
लिनक्सला भीड नाही.

मी ज्या लिपीत गिरवायला शिकले
तिच्यात अक्षर मोठं नसतं, छोटं नसतं.
ब पहिला आला तरी ब, शेवटी आला तरी ब,
सगळी एका रेघेखाली उभी,
वळचणीला आलेल्या माणसांसारखी.

मग बाबा आठवले.
पोर्तुगीज दफ्तरात केंकरे क्यूने सुरू होतात,
रेशन कार्डावर केने.
घराचा उतारा साडेचार वर्षं मिळाला नाही.
'ह्या नांवाचो मनीस ना,' कारकून सांगायचा,
आणि बाबा समोरच असायचे,
गळती छत्री हातात धरून.

नाव थेट बदललं तर गिटला पत्ता लागत नाही.
तीच तर आहे, म्हणतो.
म्हणून आधी भलतंच नाव द्यायचं,
त्याची नोंद करायची,
मग तिथून खऱ्या नावावर यायचं.
मी तिला दोन मिनिटं 'तारलो' केलं.

इनासियो हसला.
'आमच्या घराण्यात पण असंच झालं म्हणे.
पहिली पायरी झाली. परत यायचं राहून गेलं.'
मी काही बोलले नाही. तोही मग
पुढच्या ओळीवर गेला.

नियम लिहिला:
सगळी नावं छोट्या अक्षरांत,
मोठं दिसलं तर दारातच अडवा.
सव्वासहाला बिल्ड हिरवा झाला.

खाली उतरले तर रोझालिना टोपली आवरत होती.
'बांगडे,' मी म्हटलं.
'तें कळ्ळें गो,' ती म्हणाली,
'व्हडले काय ल्हान?'