मिठाची नाणी

तरंगत्या किरिबातीत नाणी मिठाची.
चाळीस दिवसांत दमट हवा ती चाटून संपवते,
म्हणून साठवत नाही कुणी, उपाशीही नसतं;
सावकार म्हणजे काय
हे मुलांना चित्र काढून सांगावं लागतं.

नेई मकुरिताच्या पलंगाखाली मात्र बरणी निघाली,
मेणानं बुजवलेली. एकशे बारा नाणी. कोरडी.

चिठ्ठी टाकून नेमलेला न्यायाधीश,
तेबुआई, परवापर्यंत जाळी विणायचा.
"कशाला ठेवलंस?"
"आमच्या बुडालेल्या बेटावरचं आहे,
शेवटच्या मिठागरातलं.
खाल्ल्या मिठाला सगळेच जागतात, बाबा.
मी न खाल्लेल्याला."

त्यानं बरणी कानाशी हलवली.
निकाल पुढच्या भरतीवर ढकलला,
आणि सुटलेलं मेण
अंगठ्यानं
पुन्हा दाबून बसवलं.