एक साल राखून

लकडगंजात जिथं सागवानाचे ट्रक उतरतात
त्या गल्लीच्या टोकाला
दमाहेचं जुन्या लोखंडाचं दुकान.
मे महिना. टिनाच्या पत्र्याला हात लावू नये.
म्हटलं, रंधा हवाय, घरचं दार घासायला.
तो म्हणाला, "वाढई पाठवा नं बाई,
तुम्ही कायले तरास करून राहिल्या?"

पोत्यातून तीन निघाले.
एक निळा, नवा,
उचलला तर डब्याचं झाकण उचलल्यासारखा.
एक बाभळीचा, पाचर हरवलेली,
घासून घासून तोंडाचं बोळकं झालेलं.
तिसरा लोखंडी. मुठीला चिकटपट्टीचे वेढे,
कुशीवर छिन्नीनं ठोकलेलं एकच अक्षर:
झ.

आमच्या शाळेतली बाकं दुरुस्त करायला
झिबलकाका यायचे.
मी प्रयोगशाळेची चावी घेऊन उभी असायची,
आणि उभं राहून राहून माणूस काहीतरी शिकतोच.
चकाकी पाहायची नाही.
तळाला गुण्या लावून आकाशाकडे धरायचा,
उजेड कुठून गळतो ते पाहायचं.
मग पातं काढून, किती उरलंय ते.
"गंज वरचा असला तं जाते, बाई.
आतून खाल्लं असन तं सोडून द्या."

तिसऱ्याच्या तळातून उजेड गळला नाही.
पातं दोन बोटं शिल्लक.
साडेतीनशे म्हणाला, तीनशेला दिला,
वर एक पथरी, मधोमध खोलगट,
कुणाच्या तरी विळ्यांनी खाल्लेली.

झ म्हणजे झिबल नसणारच.
झाडे असेल, झोडापे असेल,
नागपुरात झ ची काय कमी.

घरी पाहिलं: धार डावीकडे उतरलेली.
डावखुरा असणार,
किंवा एक खांदा दुखणारा.
सरळ करायची तर त्याचा हात घासून टाकावा लागेल.
तीन संध्याकाळ टाकला.
आधी पाठ, मग उतार,
मनगट हलू द्यायचं नाही, कंबर हलू द्यायची.
बशीतल्या घासतेलात काळा गाळ साचत गेला.
तिसऱ्या दिवशी पात्याच्या पाठीमागे
बोटाला लव लागली, उलटलेली,
ती जुन्या पट्ट्यावर ओढून मोडली.
मनगटावरचे केस न दुखता गेले.
पात्याच्या पाठीत बल्ब दिसला,
बल्बाखाली मी, नाकापर्यंत.

दाराची गोष्ट अशी की
कूलर लागला की ते फुगतं.
बाहेर माणसं वाळतात, आत दार ओलं होतं.
अकरा उन्हाळे आम्ही ते खांद्यानं लोटतो.
बुटीबोरीची पाळी संपवून हर्षल येतो अडीचला,
दार कण्हतं, मग चपला, मग माठाचं झाकण.
तेवढं झालं की मी कूस बदलते.

रविवारी बिजागऱ्या काढून दार दिवाणावर आडवं केलं.
पहिला हात उलट्या रेघेनं गेला,
लाकडानं लगेच दात दाखवले.
दिशा बदलली.
मग निघाली एक, सलग, वरपासून खालपर्यंत,
कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
तिच्यातून खिडकीचे गज दिसत होते.
वास असा की शेजारच्या ढोकबाई
काय तळलं विचारायला आल्या.
ढिगाऱ्यातल्या मूठभर
कूलरच्या टट्टीत खोचल्या, विरळ झाली होती तिथं.

वरच्या कोपऱ्यात पेन्सिलची रेघ
अजून एका सालीवर होती.
हात बसला होता, धार होती, लाकूड मऊ आलं होतं.
चौकटीत नेऊन दार लावून पाहिलं, अगदी थोडं लागत होतं.

रंधा आडवा ठेवला, पातं भिंतीकडे करून.

अडीचला एकदाच घासल्याचा आवाज आला,
जुन्याच्या पाव हिश्श्याएवढा.
चपला.
"आई, एवढी घासलीस, तरी लागून राहिलं नं हे."
म्हटलं, असू दे.
माठाचं झाकण.
कूलरमधून सागाचा ओला वास येत होता.