तिसऱ्या अंकातले अकरा अंक

कुताइसीच्या नाट्यगृहात, रंगमंचाच्या काठाशी
एक खबदाड होतं. त्यात मी सत्तावीस वर्षं बसले,
गुडघ्यांवर घोंगडी, पुढ्यात संहिता,
आणि नजरेच्या रेषेत फक्त पावलं.
अजून मी नटांना टाचांवरून ओळखते.

एल्गुजाच्या कादंबऱ्या तिथेच वाचल्या,
मध्यंतरात, बॅटरीच्या उजेडात.
रिओनीचं पाणी तळघरात शिरलं त्या वर्षी
आधी त्याची पुस्तकं वर नेली, मग पिठाचं पोतं.
नवरा अजून ऐकवतो.
तो आमचं नाटक कादंबरीत नव्यानं सांगणार, हे कळलं
तेव्हा महिनाभर मी उगाच हवेत,
लेकीचं लग्न ठरल्यासारखी.

नाटक इथे भाजीवाल्यांनाही पाठ.
वेढ्यातला किल्ला. रात्री कुणीतरी आतून कडी काढलेली.
तिसऱ्या अंकात नवरा विचारतो,
"मारेख, दार तू उघडलंस?"
मारेख बोलत नाही.
चिमटीनं मेणबत्ती विझवते. पडदा.

पहिल्या वर्षी ती शांतता मला पेलली नाही.
वाटलं, बाई विसरली. खालून वाक्य दिलं,
तेही पहारेकऱ्याचं, चौथ्या अंकातलं.
प्रयोगानंतर ओठांचा रंग पुसत एल्पितेबाई म्हणाल्या,
"पोरी, तिथे अकरा मोजत जा."
मग मोजत आले.
सातला कुणीतरी खोकायचं.
नऊला खुर्ची करकरायची.
अकराला चटका.

एल्गुजानं त्या अकरांत
चव्वेचाळीस पानं बसवली आहेत.
एक मेलेलं मूल, एक सावत्र आई,
शत्रूच्या छावणीतला हिरव्या डोळ्यांचा कुणी,
एक पत्र, आणि त्या पत्राला उत्तर.
वाक्यं चांगली आहेत. त्याची वाक्यं चांगलीच असतात.
डाळिंब सोलून, दाणे वाटीत काढून द्यावेत
तशी बाई सोलून ठेवली आहे,
वर चमचाही दिला आहे.

पुस्तक मिटलं. रात्री पुन्हा उघडलं, दोनशे बारावर,
कारण तिथे मारेख बोटं आधी जिभेवर ओली करते.
हे संहितेत कुठेच नाही.
एल्पितेबाई करायच्या, एकाच हिवाळ्यात,
बोट भाजलं होतं म्हणून.
म्हणजे तो होता! वर, उभ्याच्या तिकिटावर,
विशीतला पोरगा, माझ्याच अंधाराला कान लावून.
आणि माझ्यासारखंच त्याला पेललं नाही.
फक्त त्याला कुणी पोरी म्हणून
बाजूला घेतलं नाही.

शनिवारी पुलापलीकडच्या दुकानात तो सह्या देत होता.
माझ्यापुढे एक डॉक्टरीण, तीन प्रती घेऊन.
मी म्हटलं, प्रॉम्प्टर होते, त्याच नाटकाची.
तो उठला. खरंच उठून उभा राहिला,
माझा हात दोन्ही हातांत घेतला.
"मग? कसं झालंय?"

सगळं पाठ करून गेले होते.
एक. दोन.
मागे कुणाचीतरी पिशवी सळसळली.
पाच.
सातला त्यानं हात सोडवून घेतला
आणि पेनाला टोपण लावलं.

मी अकरापर्यंत तिथेच उभी.